१३बी टर्बो, चार स्मार्ट कॉइल : सेल्फ जोरात फिरतो, पण एकाही प्लगला स्पार्क नाही

खटपट्या

गाडी सिरीज ५ ची एफसी आरएक्स-७, म्हणजे माझदाच्या रोटरी इंजिनाच्या गाडीची दुसरी पिढी. इंजिन १३बी टर्बो, नव्याने बांधलेले, अजून एकदाही चालू झालेले नाही. केलेले बदल असे:

– मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) काढून स्टँडअलोन, म्हणजे सगळी सेटिंग स्वतः भरायची असा ईसीयू. वायरिंग हार्नेस पूर्ण नवा.
– प्रत्येक रोटरला दोन प्लग : आधी पेटणारा लीडिंग, नंतरचा ट्रेलिंग. मूळचा लीडिंग कॉइल आणि ट्रेलिंगचा जोडकॉइल दोन्ही काढले. त्यांच्या जागी जीएमच्या ट्रक इंजिनातले चार डी५८५ कॉइल, प्रत्येक प्लगला एक.
– क्रँक अँगल सेन्सर (यापुढे सीएएस) मूळचाच, पुढच्या कव्हरवर.
– चारही प्लग बीयूआर९ईक्यू, नवे.

लक्षण: सेल्फ छान फिरतो, पेट्रोलचा वास येतो, प्लग ओले निघतात. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवला तर काहीच नाही, एल१, एल२, टी१, टी२ (एल लीडिंग, टी ट्रेलिंग; १ पुढचा रोटर, २ मागचा) चारही मेलेले. चावी ऑन केल्यावर कॉइलच्या प्लगमध्ये १२.५ व्होल्ट मिळतात. डॅशवरचा टॅकोमीटर सेल्फ मारताना शून्यावर. सीएएस गेला असावा असे वाटते. नवा मागवण्याआधी कुठे कुठे तपासू?

सर्किटसखा

सीएएस मागवू नका. आधी इंजेक्टरचा फ्यूज काढा आणि मगच पुढचे वाचा. स्पार्क नसताना सेल्फ मारत राहिलात की प्रत्येक वेळी चेंबरमध्ये पेट्रोल साठते, तेल धुऊन जाते, एपेक्स सीलची (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांची) पकड जाते आणि मग स्पार्क आला तरी इंजिन सुरू होत नाही. शिवाय प्लग काढलेले असताना त्या भोकांतून पेट्रोलची वाफ पिचकारीसारखी बाहेर येते आणि तिथेच तुम्ही ठिणगी शोधताय. आग लागायला दुसरे काय लागते?

दुसरे, प्लग हाताने धरून टेकवण्यापेक्षा स्पार्क टेस्टर लावा. वायर मोकळी सोडून कॉइल उडवू नका. ठिणगीला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आत वाट शोधते, आणि स्मार्ट कॉइलमध्ये आतच इग्नायटर बसलेला असतो.

आता चार मापे हवीत. चारही सेल्फ फिरत असताना घ्यायची, नुसत्या चावी ऑनवर नाही:

१. बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट.
२. कॉइलच्या १२ व्होल्ट पिनवर व्होल्ट.
३. बॅटरीचे ऋण टोक आणि कॉइलची अर्थ पिन यांच्यातला फरक.
४. लॅपटॉप जोडून ईसीयूला दिसणारा आरपीएम, आणि ट्रिगर एररचा (सेन्सरचा सिग्नल न जुळल्याच्या नोंदींचा) आकडा वाढतो का.

चौथ्या मापावर सगळे ठरते. ईसीयूला आरपीएम दिसत नसेल तर दोष सीएएस ते ईसीयू या टप्प्यात. दिसत असेल तर ईसीयू ते प्लग या टप्प्यात. हे न बघता सुटे भाग बदलत बसणे म्हणजे अंधारात दगड मारणे.

टॅकोच्या काट्यावर जाऊ नका. एफसीमध्ये टॅकोचा सिग्नल ट्रेलिंग कॉइलच्या इग्नायटरकडून यायचा. तो कॉइलच तुम्ही काढलाय, तर काटा हलणार कुठून? मूळ स्थितीतल्या गाडीत सेल्फ मारताना काटा उडतो का हे बघणे ही चांगली पहिली चाचणी आहे, तुमच्या गाडीत तिला अर्थ नाही.

बूस्टबहाद्दर

प्लग ओले आहेत म्हणताय ना, मग फ्लड झालंय, चेंबरमध्ये पेट्रोल साचलंय. प्लग बदला, होईल चालू.

सर्किटसखा

@बूस्टबहाद्दर, ओला प्लग चेंबरमध्ये स्पार्क देणार नाही हे मान्य. पण इथे प्लग बाहेर काढून, बॉडीला टेकवूनही चारही मेलेले आहेत. चार नवे प्लग एकदम जात नाहीत. चारही एकत्र मेले म्हणजे दोष चौघांत सामाईक असलेल्या गोष्टीत : पुरवठा, अर्थ, ट्रिगर किंवा सेटिंग.

खटपट्या

मापे घेतली, इंजेक्टरचा फ्यूज काढून:

१. बॅटरी १०.६ व्होल्ट.
२. कॉइलची १२ व्होल्ट पिन : सेल्फ फिरताना ० व्होल्ट! चावी परत ऑनवर आली की पुन्हा १२.५.
३. अर्थचा फरक ०.१ व्होल्ट.
४. आरपीएम शून्य. मध्येच एखादा क्षण ९०, १४०० असे आकडे चमकतात. ट्रिगर एरर प्रत्येक सेल्फला वाढत जातात.

सर्किटसखा

म्हणजे एक नाही, दोन दोष. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून एकच दुरुस्त केला असता तर 'काहीच फरक पडला नाही' असे वाटून तुम्ही तो बदल परत काढून टाकला असता. असे प्रश्न महिनोन्महिने लटकतात ते याच कारणाने.

पहिला दोष सोपा. कॉइलच्या रिलेला चालू करणारी तार ॲक्सेसरीच्या लाइनवरून घेतली आहे. रेडिओ आणि लायटरची लाइन. सेल्फला पूर्ण करंट मिळावा म्हणून चावी स्टार्टवर गेली की ती लाइन तुटते. चावी ऑनवर मीटर लावणाऱ्याला सगळे ठीक दिसते आणि नेमके हवे त्या वेळी कॉइल उपाशी.

रिले असा जोडा (आकडे त्याच्या पिनांचे):

– ८५ : अर्थ.
– ८६ : इग्निशन स्विचची अशी तार जी ऑन आणि स्टार्ट दोन्ही जागी जिवंत राहते. चावी स्टार्टवर धरून मीटरने खात्री करूनच जोडायची, तारेच्या रंगावर विसंबून नाही.
– ३० : बॅटरीकडून थेट, बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज, ४ चौरस मिमी तार.
– ८७ : चारही कॉइलना. इंजेक्टर आणि ईसीयू याच रिलेवर लादू नका.

ईसीयूचा पुरवठाही त्याच पद्धतीने स्टार्टवर तपासा. तुमचा लॅपटॉप सेल्फ मारताना जोडलेला राहिला, म्हणजे तो बहुधा ठीक आहे, पण व्होल्ट बघा. सेल्फ फिरताना ईसीयूला साडेनऊच्या खाली गेलेले चालत नाही असे धरून चला.

दुसऱ्या दोषासाठी @तेरा_बी यांना हाक मारतो.

तेरा_बी

आलो. 'मध्येच ९०, मध्येच १४००' हे वाचून सीएएस जिवंत आहे असेच वाटते. मेलेला सेन्सर शून्य देतो, तऱ्हेवाईक आकडे देत नाही. सिग्नल येतोय, पण ईसीयूला त्याचा अर्थ लागत नाहीये.

आधी सीएएसच्या आत काय आहे ते. दोन चक्रे आहेत, २४ दातांचे आणि २ दातांचे. २४ दातांच्या समोरचे पिकअप ते एनई, २ दातांच्या समोरचे ते जी. सीएएसचा दांडा एक्सेंट्रिक शाफ्टच्या, म्हणजे रोटरीच्या मुख्य शाफ्टच्या, निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून शाफ्टच्या एका फेऱ्यात ईसीयूला १२ एनई आणि १ जी दिसतो. एनईचा एक दात म्हणजे शाफ्टचे ३० अंश. ईसीयूत '२४ आणि २' भरायचे की '१२ आणि १', हे तो ईसीयू सीएएसचा फेरा मोजतो की शाफ्टचा यावर आहे. बहुतेकांत १३बीसाठी तयार पर्याय असतो, तोच घ्या.

दोन्ही पिकअप चुंबकीय गुंडाळीची आहेत, त्यांना बाहेरून पुरवठा लागत नाही. चार तारा, दोन जोड्या. तपासणी अशी:

सीएएसचा प्लग काढा. ओहममीटरने जोड्या ओळखा. प्रत्येक जोडीत ११० ते २१० ओहमच्या दरम्यान यायला हवे. एका जोडीतून दुसऱ्या जोडीत आणि कुठल्याही तारेतून सीएएसच्या बॉडीला अनंत. मग हीच मापे ईसीयूच्या बाजूच्या प्लगमध्ये घ्या. तिथे आकडा वेगळा आला तर हार्नेसमध्ये खोट.

त्यानंतर मीटर एसी व्होल्टवर, सेल्फ फिरवा, दोन्ही जोड्यांवर वाचन हलले पाहिजे. जीचे वाचन एनईपेक्षा बरेच कमी दिसेल. दात कमी, म्हणून सरासरी कमी. घाबरू नका.

एवढे ठीक असेल तर उरते ती ध्रुवता, आणि नव्या हार्नेसमध्ये माझा पहिला संशय नेहमी तिच्यावरच असतो. दात पिकअपच्या जवळ येताना व्होल्टेज एका दिशेने चढते, दात बरोबर समोर आला की शून्याला उभे कापत दुसऱ्या बाजूला जाते, मग हळूहळू शून्याकडे परतते. उभे कापणे ही नेमकी जागा, ईसीयूने तिथेच मोजायचे असते. जोडीतल्या दोन तारांची अदलाबदल झाली की लाट उलटी होते आणि ईसीयू उभ्या उताराऐवजी दोन दातांच्या मधल्या लोळणाऱ्या उतारावर मोजू लागतो. ती जागा सुमारे अर्धा दात, म्हणजे शाफ्टचे १५ अंश बाजूला असते, आणि वेग बदलला की सरकते. जी त्यामुळे एनईच्या चुकीच्या खणात पडतो, कधी या तर कधी त्या. ईसीयू ताळमेळ लागला नाही म्हणून स्पार्क देतच नाही. ते बरेच आहे, चुकीच्या जागी देण्यापेक्षा.

ईसीयूत ट्रिगर स्कोप असेल तर दोन्ही लाटा एकदम बघा. तुमच्या ईसीयूच्या सेटिंगमध्ये 'फॉलिंग' निवडले असेल तर उभी बाजू खाली उतरणारी हवी, 'रायझिंग' असेल तर चढणारी. स्कोप नसेल तर आधी एनईच्या दोन तारा उलट करून बघा, मग जीच्या. दोन्ही एकदम उलटू नका, काय बदलले ते कळणार नाही.

हॉलहॉल

एवढी डोकेफोड कशाला? सीएएस काढून टाका, पुढच्या पुलीवर ३६ वजा १ चे (३६ दातांतला एक गाळलेले) चक्र आणि हॉल सेन्सर लावा. चौकोनी लाट, ध्रुवतेची भानगड नाही.

तेरा_बी

@हॉलहॉल, चक्र उत्तम आहे, विरोध नाही. सीएएस गिअरने फिरतो, त्यात थोडा खेळ असतो, जास्त आरपीएमला टायमिंग दोनेक अंश थरथरते. शाफ्टवरच्या चक्राला तो त्रास नाही. पण न चालणाऱ्या इंजिनावर एक नवा अनोळखी भाग कशाला चढवायचा? हॉलला पुरवठा लागतो, बऱ्याचदा ५ व्होल्टला १ किलोओहमचा पुलअप (सिग्नलची तार वर ओढून धरणारा रोधक) लागतो, फट नेमकी लागते. चक्र एक मिमी वाकडे असेल तर तेही आरपीएम गाळते. आधी इंजिन चालवा, मग हौस करा.

हॉलहॉल

ठीक, मान्य. क्रम तुमचा बरोबर.

खटपट्या

प्रगती आहे.

रिले नव्याने जोडला. सेल्फ फिरताना कॉइलवर १०.३ व्होल्ट. बॅटरी १०.६, म्हणजे ०.३ ची घट.

सीएएस : एनई १६२ ओहम, जी १५८. बॉडीला अनंत. ईसीयूच्या प्लगातही तेच. ट्रिगर स्कोपवर जीची उभी बाजू खाली उतरते, एनईची वर चढते. सेटिंग दोन्हींना फॉलिंग. एनईच्या दोन तारा ईसीयूच्या प्लगात उलट केल्या. आता सेल्फला स्थिर २१० आरपीएम, ट्रिगर एरर शून्य.

मापानंतर कॉइलचा फ्यूज काढून ठेवलाय. तो परत लावू का?

तेरा_बी

थांबा! फ्यूज बाहेरच राहू द्या.

डी५८५ ला ५ व्होल्टचा ट्रिगर लागतो. ट्रिगर वर गेला की चार्ज होतो, खाली आला की ठिणगी. ईसीयूत ही कड उलट भरली असेल तर कॉइल दोन ठिणग्यांच्या मधला सगळा वेळ चार्ज होत राहील आणि मिनिटात भाजेल. म्हणून आधी एलईडी.

साधा एलईडी, त्याच्या एका पायाला १ किलोओहमचा रोधक. कॉइलचा प्लग काढून त्याच्या ट्रिगर पिन आणि अर्थ यांच्यामध्ये लावा. डी५८५ च्या पिना : ए पॉवर अर्थ, बी सिग्नल अर्थ, सी ट्रिगर, डी १२ व्होल्ट. म्हणजे एलईडी सी आणि बी मध्ये.

२१० आरपीएम म्हणजे सेकंदाला साडेतीन फेरे. रोटरी इंजिनात प्रत्येक रोटर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा पेटतो, म्हणून प्रत्येक कॉइलच्या एलईडीने सेकंदाला साडेतीन वेळा चटकन लुकलुकायला हवे. डोळ्याने मोजता येते. चारही ठिकाणी बघून लिहा : किती वेगाने आणि किती वेळ पेटलेला राहतो.

खटपट्या

एल१ : जलद लुकलुक, सेकंदाला सातेक वाटते.
एल२ : तशीच, सातेक.
टी१ : हळू. निम्मा वेळ पेटलेला, निम्मा वेळ विझलेला.
टी२ : काही नाही.

तेरा_बी

वा, हे तर पाठ्यपुस्तकातले चित्र आहे. फ्यूज न लावल्याने टी१ चा कॉइल वाचला.

मूळ एफसीत तीन तारांनी काम चाले. लीडिंगला एकच ट्रिगर, कारण एका लीडिंग कॉइलला दोन टोके होती आणि तो दोन्ही रोटरना एकदम ठिणगी देई. शाफ्टच्या दर १८० अंशांना एक, म्हणजे फेऱ्याला दोन. ट्रेलिंगला दोन तारा : आयजीटी, म्हणजे 'आता ठिणगी दे', आणि आयजीएस, म्हणजे 'पुढच्याला की मागच्याला'. ही निवडीची तार अर्धा फेरा वर आणि अर्धा फेरा खाली राहते.

आता तुमचे एलईडी वाचा. ईसीयू अजून 'मूळ एफसी' पद्धतीवर आहे. आउटपुट १ लीडिंगचा ट्रिगर, फेऱ्याला दोन, म्हणून सात. आउटपुट २ ट्रेलिंगचा आयजीटी, तोही फेऱ्याला दोन, आणि तो तुमच्या एल२ कॉइलला गेलाय, म्हणजे एल२ ट्रेलिंगच्या वेळेवर, उशिरा पेटला असता. आउटपुट ३ निवडीची तार, ती टी१ ला. आउटपुट ४ रिकामे.

२१० आरपीएमला एक फेरा २८६ मिलिसेकंदांचा. निवडीची तार त्यातले १४३ वर असते. ज्या कॉइलला चारपाच मिलिसेकंद चार्ज पुरतो त्याला १४३ दिले तर काय होईल ते सांगायला नको. काही स्मार्ट कॉइल फार वेळ चार्ज झाले की स्वतःच ठिणगी सोडून देतात, तीही भलत्या वेळी, म्हणजे उलटा धमाका.

करायचे ते असे : इग्निशन मोड 'डायरेक्ट', दोन रोटर, चार कॉइल. आउटपुटचा क्रम एल१, एल२, टी१, टी२ आहे की एल१, टी१, एल२, टी२, हे तुमच्या ईसीयूच्या पुस्तकातून बघा, वेगवेगळे बनवणारे वेगवेगळा ठेवतात. कड फॉलिंग. निवडीचे आउटपुट बंद. मग पुन्हा एलईडी. चारही ठिकाणी सेकंदाला साडेतीन, चटकन पेटून विझणारे. बरोबर आले की मगच फ्यूज.

बूस्टबहाद्दर

लीडिंगला दोन्ही रोटरना एकदम स्पार्क दिला तर बिघडते काय? मूळ गाडी तशीच चालायची की. आउटपुटही वाचते.

तेरा_बी

बिघडत काही नाही, वेळ कमी पडतो. ९,००० आरपीएमला एक फेरा ६.६७ मिलिसेकंदांचा. डायरेक्टमध्ये कॉइलला दोन ठिणग्यांमध्ये एवढा वेळ. फेऱ्याला दोन ठिणग्या घेतल्या की ३.३३ उरतो, आणि त्यातच ठिणगी जळायचा वेळही आला. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोच्या दाबाखाली, कॉइलला भरायला पूर्ण वेळ हवा, नाहीतर वरच्या आरपीएमला मिसफायर.

पिस्टनच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एकेकटा कॉइल दोन फेऱ्यांना एकदा काम करतो, इथे दर फेऱ्याला. म्हणून पिस्टन इंजिनाचा ड्वेल (कॉइल चार्ज करण्याच्या वेळेचा) तक्ता जसाच्या तसा उचलू नका, कॉइल तापेल. डी५८५ साठी १४ व्होल्टला ४ मिलिसेकंदांच्या आसपास सुरुवात ठीक. १० व्होल्टला, म्हणजे सेल्फच्या वेळी, त्याच्या दीडपट तरी द्या. कमी व्होल्टला कॉइल हळू भरतो. अनेकांचा सेल्फचा स्पार्क याच एका रकान्यामुळे पिवळट आणि मरतुकडा असतो.

खटपट्या

मोड बदलला. चारही एलईडी साडेतीनवर. फ्यूज लावला, स्पार्क टेस्टर लावले : एल१, एल२, टी१ निळा, कडक. टी२ अजून मेलेलाच, पण त्याचा एलईडी बरोबर लुकलुकतो.

सर्किटसखा

टी१ आणि टी२ चे कॉइल आपापसात बदला, वायरिंग जागेवर ठेवा. दोष कॉइलबरोबर गेला तर कॉइल, जागेवर राहिला तर वायरिंग किंवा कनेक्टर. जागेवर राहिला तर टी२ च्या कनेक्टरला पिना एकेक करून मागून हलक्या ओढून बघा. नव्या क्रिम्पमध्ये पिन खटका न लागता बसलेली असते. मीटरच्या टोकाला ती लागते, कॉइलच्या पिनेला मागे सरकते. डी आणि ए या दोन पिनांवर भार टाकून बघा, म्हणजे २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब लावून. बल्ब पूर्ण पेटायला हवा. मीटरला एकाच उरलेल्या तारेतूनही १२ व्होल्ट दिसतात, बल्ब फसत नाही.

आणि एक, टी२ नसतानाही इंजिन सुरू होते बरे. रोटरी लीडिंगवर सुरू होते, ट्रेलिंग नंतर मदतीला. पण सोडून देऊ नका.

खटपट्या

दोष जागेवरच राहिला. बल्ब मंद. ए पिन मागे सरकलेली होती, खटका लागला नव्हता. नीट बसवली. चारही निळे.

आता पेट्रोल सोडू?

तेरा_बी

नाही. टर्बो इंजिन आहे, आधी टायमिंग. स्पार्क आहे एवढ्याने भागत नाही, तो कुठे पडतोय ते न बघता सुरू केलेत आणि तो २० अंश लवकर असला तर बूस्टमध्ये एकाच धडाक्यात एपेक्स सील फुटतात.

एफसीच्या पुलीवर दोन खुणा आहेत. पिवळी लीडिंगची, टीडीसीनंतर (चेंबर सर्वात आकसलेला असतो त्या जागेनंतर) ५ अंश. लाल ट्रेलिंगची, टीडीसीनंतर २० अंश. टीडीसीची स्वतःची खूण नाही. बाजारातली दुसरी पुली लावली असेल तर तिच्या खुणा काय दाखवतात ते आधी तपासा, अनेकींवर खुणा भलत्याच असतात.

इंजेक्टरचा फ्यूज बाहेरच. प्लग बसवलेले. ईसीयूत टायमिंग उणे ५ वर कुलूपबंद करा, स्प्लिट (लीडिंग आणि ट्रेलिंगमधले अंतर) १५. टायमिंग लाइट वेगळ्या बॅटरीवर चालवा, सेल्फच्या वेळी गाडीची बॅटरी खाली जाते आणि लाइट गाळते. एल१ च्या वायरवर क्लॅम्प, सेल्फ फिरवा, पिवळी खूण पिनेसमोर यायला हवी. मग टी१ वर, लाल खूण. मग एल२ आणि टी२ वर. मागचा रोटर १८० अंश पुढेमागे असल्याने त्यांची खूण पुलीच्या विरुद्ध बाजूला दिसेल. म्हणून पुलीवर समोरासमोर दोन खडूच्या रेघा आधीच मारून ठेवा. टी१ आणि टी२ च्या तारा उलट झाल्या असतील तर इथेच पकडल्या जातील. मूळ गाडीत लीडिंगच्या दोन वायर उलटसुलट झाल्या तरी चालायचे, दोन्हींना एकदमच ठिणगी मिळे. डायरेक्टमध्ये तीही सूट नाही.

फरक निघाला तर ईसीयूतला ट्रिगर अँगल बदला. सीएएस हाताने फिरवत असाल तर लक्षात ठेवा, तो निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून सीएएसचा १ अंश म्हणजे शाफ्टचे २.

ट्रेलिंग लीडिंगच्या नंतरच पडला पाहिजे. काही ईसीयूत स्प्लिटचे चिन्ह उलट असते आणि १५ भरल्यावर ट्रेलिंग १५ अंश आधी पेटतो. लाल खूण लाइटमध्ये दिसली की शंका मिटली.

खटपट्या

एल१ ला पिवळी खूण ८ अंश बाजूला होती, लवकर. ट्रिगर अँगल बदलून जागेवर आणली. टी१ लाल खुणेवर. मागचे दोन्ही विरुद्ध रेघेवर. आठ अंशांचे कारण काय असावे?

तेरा_बी

सीएएस बसवताना गिअरवरचा ठिपका बॉडीच्या खुणेसमोर आणि पुलीची पिवळी खूण पिनेसमोर ठेवूनच आत ढकलायचा असतो. दात तिरके आहेत, आत जाताना गिअर थोडा फिरतो. आणि सीएएसला पकडणाऱ्या नटाची खाच लांबट आहे. ८ अंश म्हणजे सीएएस ४ अंश फिरलेला, त्या खाचेच्या आतच. काळजीचे नाही. नट घट्ट करा आणि दोन्हींवर रंगाची एक रेघ ओढा, पुढे हलला तर कळेल.

सर्किटसखा

आता फ्लड उतरवा. चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइल दोन्हींचे फ्यूज बाहेर, पाच-सहा सेकंदांचे सेल्फ, मधे मिनिटभर विश्रांती, भोकांतून ओले यायचे थांबेपर्यंत. मग खालच्या भोकांतून, म्हणजे लीडिंगच्या, प्रत्येक रोटरमध्ये ५ ते १० मिली इंजिन ऑइल, हाताने पुली दोन फेरे फिरवा. सीलला पकड येते. कोरडे प्लग, दोन्ही फ्यूज, आणि सेल्फ. सुरुवातीला पांढरा धूर निघेल, ते तेच तेल.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर टायमिंग कुलूपबंदच ठेवा, २,००० आरपीएमपर्यंत नेऊन लाइटखाली खूण सरकते का बघा. सरकली तर एनईची लाट अजून चुकीच्या कडेवर आहे.

खटपट्या

सुरू झाले, तिसऱ्या सेल्फला. २,००० पर्यंत खूण स्थिर, कुलूप काढले. धूर पंधरा मिनिटांत गेला. आता फक्त टॅको.

सर्किटसखा

ईसीयूच्या एका मोकळ्या आउटपुटला 'टॅको' नेमा, शाफ्टच्या फेऱ्याला २ पल्स, आणि टॅकोची जुनी तार त्याला. ट्रेलिंगचा आयजीटी तेवढेच पल्स द्यायचा, म्हणून डॅश बदलावा लागत नाही. काटा उचलला नाही तर त्या तारेला १२ व्होल्टकडे १ किलोओहमचा पुलअप. जुना टॅको ५ व्होल्टची लाट ओळखत नाही.

सातवाआठवा

चांगला धागा. हेच सगळे एफडीला (आरएक्स-७ ची पुढची पिढी) आणि आरएक्स-८ ला लागू पडते का?

तेरा_बी

पद्धत तीच, आकडे वेगळे. एफडीत सीएएस नाही. शाफ्टवरच पुलीमागे १२ दातांची पट्टी आणि एनई, जी असे दोन सेन्सर. ईसीयूला चित्र तेच दिसते, १२ आणि १. पुली बदलताना पट्टी वाकली किंवा सेन्सरची फट बदलली की आरपीएम गळतो, म्हणून फट आधी बघा. एफडीचा मूळ इग्नायटर कॉइलबाहेर वेगळा आहे, आणि ट्रेलिंगला निवडीची तार नसून दोन वेगळे ट्रिगर आहेत, म्हणून वरचा टी१ चा घोटाळा तिथे होत नाही.

आरएक्स-८ मध्ये एकच सेन्सर, चक्र ३६ वजा २, वजा २, वजा २. चारही कॉइल मुळातच स्मार्ट. तिथे सामाईक दोष निघाला तर बहुधा सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर. एकेक कॉइल मात्र वयाने मरतातच, आणि लीडिंगचा एक गेला की गरम असताना सुरू व्हायला त्रास देतो. ते वेगळ्या धाग्याचे काम, काढा एक.